शाळेची घंटा झालेला रूळ

बोलतोय तो मी, व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. दीड हात लांब, गंजका, पण आवाज खणखणीत. विरारच्या रेल्वे यार्डातून बोळिंजच्या या शाळेत आलो. शिपाई शत्रुघ्नकाका हातोडी हाणतात आणि तास संपतो. सगळी शाळा आपल्यावर चालते, असा माझा तोरा होता.

गेल्या जूनमध्ये तो तोरा उतरला. तिसरीत राजोडीची प्रिन्सी आली. मुलगी स्वमग्न आहे, हे तिच्या आईने, रोझलिनने, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वाजलो की प्रिन्सी कान दाबून बाकाखाली शिरायची. एकदा तर फाटकातून थेट रस्त्यावर धावली. रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. पुन्हा असं झालं तर तिला इथे ठेवता येणार नाही, असं मोठ्या बाईंनी रोझलिनला बजावलं. तेव्हापासून हातोडी दिसली की माझा जीव खालीवर होतो.

मग वर्गाच्या प्रीतलबाईंनी घंटाच बंद करायला लावली. चांगल्या मनानेच. मलाही हायसं वाटलं. पण मधल्या सुट्टीत सगळी पोरं जेवायला बसली आणि प्रिन्सी डबा मांडीवर घेऊन तशीच. बाईंनी झाकण काढलं, तिने ते परत लावलं.

"घंटा नाय झाली," ती रडत म्हणाली.

माझा आवाज तिला सोसत नव्हता, आणि माझ्यावाचून तिचा दिवसही पुढे सरकत नव्हता. बाईंनी रोझलिनला बोलावून घेतलं.

"बाई, बंद नका करू. आधी सांगा, मग वाजवा," रोझलिन म्हणाली. "घरी कुकर लावला का शिटीच्या आधी मी सांगते तिला."

दुसऱ्या दिवसापासून काका आधी तिसरीच्या खिडकीशी जाऊ लागले. पाच बोटं दाखवायची, एकेक मिटायची. प्रिन्सी कान झाकते, मी वाजतो, ती डबा उघडते. बाकाखाली जात नाही. पहिल्यांदा तिला तसं बसलेलं पाहिलं तेव्हा मला भरून आलं.

आता विजेची घंटा बसवलीय. ठरल्या मिनिटाला आपोआप वाजणारी. काकांना फाटकावर बसवणार आहेत. मला खुशाल भंगारात घाला, माझं काही म्हणणं नाही. पण तिसरीच्या खिडकीशी कोण जाणार, तेवढं आज ठरवा. ती घंटा सोमवारपासून वाजणार आहे, आणि प्रिन्सीला अजून कुणीच सांगितलेलं नाही.