रेशमाला सोसेल असं

गॅरेजात त्याला सगळे 'पाना' म्हणत. हातात पाना नसलेला तो कुणी पाहिलाच नव्हता, आणि खरं नाव विचारलं असतं तर मालकानेही क्षणभर डोकं खाजवलं असतं. त्याचे हात मात्र सगळ्यांच्या ओळखीचे. बावीस वर्षं इंजिनात घातलेले, रॉकेलने पुसलेले आणि शेवटी कपड्यांच्या पावडरीने खसाखसा घासलेले. पेरांवर चिरा, तळव्यावर चिरा, आणि उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात एक अशी, की मूठ उघडली की तीही उघडायची. पानाला त्याचं काही वाटत नसे. मेकॅनिकचे हात असेच असायचे, असं तो धरून चालला होता.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली, तीही अडीच महिने आधीच. वजन किलोपेक्षाही कमी. इस्पितळात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. लांबून पहिल्यांदा पाहिल्यावर तो बायकोला म्हणाला, "मुंगी आहे गं ही." तेव्हापासून ती मुंगीच झाली.

पेटीला बाजूने गोल झडपा होत्या, त्यातून आईवडिलांना हात घालता येई. पण आत जायच्या आधी बेसिनपाशी हात धुवायचे आणि मोठ्या नर्सबाईंना दाखवायचे, असा नियम. नर्सबाईंनी पानाचे हात दोन्ही बाजूंनी पाहिले आणि मान हलवली. चिरांमध्ये काय काय दडलेलं असतं आणि त्यातलं एवढंसंसुद्धा मुंगीला कसं सोसणार नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. हातमोजे घालून चालेल का, असं त्याने विचारलं, तर तिला सध्या माणसाच्या बोटांची ऊब हवी आहे, रबराची नको, असं उत्तर मिळालं.

"डाग मला चालतात," त्या म्हणाल्या, "चीर चालत नाही. चिरा मिटल्या की या. झडप मी स्वतः उघडून देईन."

बायको रोज आत जायची आणि बाहेर येऊन त्याला सगळं सांगायची. मुंगीची पाठ हाताला कशी लागते, पाय कसा दुमडते, आणि बोट तिच्या तळहातावर ठेवलं की ती ते कशी धरते. इवलीशी मूठ, पण पकड म्हणजे पकड, सोडतच नाही. पाना ऐकायचा आणि आपले हात खिशात घालायचा. स्वतःच्या हातांचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग येत होता.

त्याची थोरली बहीण एका लॉन्ड्रीत नाजूक कपडे धुण्याच्या कामावर होती. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मालक घाबरतो असलं रेशीम आणि लोकर तिच्याकडे यायचं. तिने भावाचे हात पाहिले, पावडरीचा डबा पाहिला आणि त्याला चांगलंच फैलावर घेतलं. असली पावडर मी पायपुसण्यालाही लावत नाही, म्हणाली.

मग ती कामाला लागली. रिठे फोडून बिया काढल्या, सालं रात्रभर भिजत घातली, सकाळी मंद आचेवर अर्धा तास उकळली, कुस्करली आणि जुन्या मलमलीतून दोनदा गाळली. दुसऱ्या पातेल्यात जवस उकळून त्याचं बुळबुळीत पाणी काढलं, म्हणजे पातळ द्रावणाला थोडा दाटपणा येतो. त्यात कोरफडीचा गर घोटून घातला, दोन चमचे ग्लिसरीन. वास म्हणावा तर नाहीच, रंग गढूळ चहाचा.

"फेस नीट येत नाही गं ताई," पाना बेसिनपाशी उभा राहून कुरकुरला.

"फेस काय मुलीला दाखवायचाय तुला? रेशमाला सोसतं ते तुला सोसेल. चार दिवस टिकतं, फ्रिजमध्ये ठेव. संपलं की मी ताजं देईन."

मालकाला सांगून पानाने गाड्यांना हात लावणं बंद केलं. हात मागे बांधून तो लोकांच्या गाड्यांभोवती फिरायचा आणि बाकीच्यांना सूचना द्यायचा. तपासणीला साहेब आलेत, म्हणून गॅरेजात सगळे त्याला हसून घेत, तोही हसायचा. दिवसातून सहा वेळा ताईने बाटलीत भरून दिलेल्या पाण्याने हात धुणं, नंतर खोबरेल, रात्री हातांत सुती मोजे. चौथ्या दिवशी पेरांवरच्या चिरा मिटल्या. सातव्या दिवशी अंगठ्याच्या बेचक्यातलीही मिटली, कातडी गुलाबी आणि पातळ झाली.

आठव्या दिवशी सकाळी तो नवीन शर्ट घालून निघाला, आणि जाता जाता त्याने हात खिडकीच्या उजेडात धरले. नखांच्या कडेला काळी रेघ होती. बोटांच्या टोकांवर जुन्या तेलाचे ठिपके होते. बावीस वर्षांचा काळेपणा आठ दिवसांत कसा जाणार! पण त्याच्या डोळ्यांपुढे ती पांढरीशुभ्र खोली आली, पांढऱ्या कपड्यातली मुंगी आली. डाग चालतात, हे नर्सबाईंचं बोलणं त्याने ऐकलं होतं, पण त्याच्या मनाला ते पटलं नव्हतं. असे हात घेऊन तिच्यापुढे पहिल्यांदा जायचं? मोरीच्या मागे पावडरीचा डबा अजून तसाच होता. फक्त पाच मिनिटं, असं म्हणत त्याने ब्रश घेतला.

हात निघाले मात्र लखलखीत. आयुष्यात कधी नव्हते एवढे. तो खुशीत इस्पितळात पोचला, बेसिनपाशी हात धुतले आणि नर्सबाईंपुढे धरले. अंगठ्याच्या बेचक्यातून रक्ताचा एक थेंब तळव्यावर आला.

नर्सबाईंनी तो थेंब टिपला. कापूस दिला आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. काचेपलीकडून बायकोने पाहिलं. ती बाहेर आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दोन दिवसच ना," ती म्हणाली. "कुठे पळून जातेय ती?"

त्या संध्याकाळी त्याने बहिणीला सगळं सांगितलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं, रागावली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. तिने डबा उचलून बाहेर टाकला आणि नवे रिठे भिजत घातले.

दोन दिवस त्याने हाताने दाराची साधी कडीसुद्धा लावली नाही. दहाव्या दिवशी सकाळी बेचक्यातली कातडी पुन्हा मिटली होती. तो बाटली पिशवीत ठेवत असताना फोन वाजला. बायकोचा होता. तिला बोलता येत नव्हतं, म्हणून फोन नर्सबाईंनी घेतला. मुंगीचे श्वास पहाटेपासून थकत गेले होते. डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं होतं.

तो पोचला तेव्हा पेटीजवळची यंत्रं बंद होती. नळ्या काढल्या होत्या. बायको खुर्चीवर बसली होती. पाना दारातून थेट आत गेला असता तरी त्याला आता कुणी अडवलं नसतं. पण तो बेसिनपाशी थांबला. पिशवीतून बाटली काढली आणि हात धुऊ लागला. बोटांच्या मधून, नखांखालून, मनगटापर्यंत, भिंतीवरच्या चित्रात दाखवलंय तसं. पातळसा फेस आला आणि गेला. दोन दिवसांपूर्वीची ती पाच मिनिटं परत मिळावीत, एवढंच त्याच्या मनात होतं. हात कोरडे करून त्याने ते नर्सबाईंपुढे धरले.

आता कशाला, असं त्या म्हणू शकल्या असत्या. त्यांनी त्याचे हात हातात घेतले, तळवे पाहिले, उलटे करून पाहिले, अंगठा अलगद बाजूला करून बेचकं पाहिलं. नखांच्या काळ्या रेघेवर त्यांचं बोट क्षणभर थांबलं.

"मिटल्यात," त्या म्हणाल्या. "या."

आणि कबूल केल्याप्रमाणे झडप त्यांनी स्वतः उघडून दिली.

बायको खुर्चीतून उठून त्याच्याजवळ आली. "हळू हं," म्हणाली. त्याने हात आत घातला आणि आपलं बोट मुंगीच्या तळहातावर ठेवलं. बायको सांगायची तसं तिने ते धरलं नाही. तरी त्याने ते बराच वेळ काढलं नाही.