पिकअपच्या कडीला लाभलेला भार

मित्रांनो, एखादी जुनी पिकअप उभी दिसली तर तिच्या हौद्यात जरा वाकून बघा. कोपऱ्यात, अगदी बुडाशी, एक जाड लोखंडी कडी दिसेल. तशीच एक मी. माल चढवणारे माझ्यावर पाय देऊन जातात, शेणखत माझ्यावर सांडतं, आणि कौतुक मात्र गाडीच्या रंगाचं होतं. मला त्याचा राग येतो, खोटं कशाला सांगू?

मी गाडीबरोबर कारखान्यातून आले नाही, मला मागून बसवलं. आमचे मालक जयराज फौजेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी नवी गाडी घेतली, तिची पूजा केली आणि आठवड्याच्या आत तिला कोरेगावात सिद्धू वेल्डरच्या दारात आणून उभी केली. नव्या गाडीला भोकं कशाला पाडायची, पत्र्यावरच वेल्डिंग मारून देतो, असं सिद्धूचं म्हणणं. मालकांना ते पटेना. ओढ बसली की नुसता पत्रा फाटतो, म्हणून हौद्याखालच्या आडव्या पट्टीतून आरपार बोल्ट घालायचा आणि खालून जाड चकती लावायची, असा त्यांचा हुकूम. मात्र ड्रिल नव्या रंगात घुसलं तेव्हा या फौजी माणसाने तोंड फिरवलं. अशा आम्ही चार बहिणी चार कोपऱ्यांत बसलो.

पुढे सिमेंट झालं, आटपाडीची डाळिंबं झाली, नवरीमुलीचं कपाट झालं. ओझं म्हणजे काय ते आपल्याला कळलं, असं मला वाटू लागलं होतं.

मग आम्ही शिरवळजवळच्या एका मूर्तिकाराकडे गेलो. सांगलीकडच्या एका गावातल्या जैन मंदिरासाठी तिथे भगवंतांची संगमरवरी मूर्ती घडली होती. ती न्यायला आक्काताई, त्यांचे चिरंजीव भरतेशअण्णा आणि गावातले आणखी तिघे जण आले होते. आक्काताईंनी ऐंशी ओलांडलेली. मूर्ती त्यांच्याच घरच्यांनी मंदिराला दिलेली, आणि तिची प्रतिष्ठा डोळ्यांनी बघायची एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती. भगवंतांचे गर्भ, जन्म ते मोक्ष असे पाच प्रसंग साजरे करून मूर्तीची प्रतिष्ठा करतात ती पंचकल्याणक पूजा नऊ दिवसांवर आली होती. वाटेत मूर्तीचं बोट जरी टवकलं तरी ती खंडित ठरणार, आणि खंडित मूर्तीची प्रतिष्ठा होत नाही. दुसरी घडायला वर्ष लागलं असतं.

चेनपुलीने मूर्ती हौद्यात उतरली तेव्हा पत्रा खाली दबला. कापडात गुंडाळण्याआधी मला तिचा चेहरा दिसला. पापण्या मिटत आलेल्या, ओठ शांत. मी नेहमीची कुरकुरणारी, पण त्या क्षणी मला आवाज करायचं धाडस झालं नाही.

मालकांनी पट्टे काढले आणि भरतेशअण्णा आडवे आले. भगवंतांना माल आवळतात तसं आवळायचं नाही, आम्ही चौघं भोवती बसून हातांनी धरतो, असं ते म्हणाले. ब्रेक लागला की हात पुरत नाहीत, बांधल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं मालकांनी सांगितलं. दोघेही हटेनात. अर्धा तास तसाच गेला.

शेवटी आक्काताई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी गुंडाळलेल्या मूर्तीवर हात ठेवला.

"भरतेश, जन्मकल्याणक झालं का यांचं?"

"न्हाई, आई. ते पूजेत व्हायचं."

"मग आज ते अजून पोटात हाईत. पोटुशी बाई प्रवासाला निघाली की पोटाला हात लावून बसती. आवळा पट्टं, जयराज. पर आईच्या हातानं आवळा."

मालकांनी गोधड्यांच्या घड्या घालून त्यांवरून पट्टे ओढले आणि हुक आमच्यात अडकवले. मला भीती वाटत होती, आणि धन्यही वाटत होतं.

घाट झाला, सातारा मागे पडला. उंब्रजच्या अलीकडे उसाची ट्रॉली अचानक आडवी आली आणि मालकांनी करकचून ब्रेक दाबला. सगळा भार पुढे झेपावला. बोल्ट कण्हला, खालची चकती पट्टीला घट्ट चिकटली, मी वाकले. पण सुटले नाही. आम्ही चौघीही सुटलो नाही.

गाडी बाजूला घेऊन कापड सोडलं. आक्काताईंनी बोटं, कान, गुडघे, सगळं हाताने चाचपून पाहिलं. कुठे टवकाही उडाला नव्हता. कापड पुन्हा गुंडाळल्यावर भरतेशअण्णांनी स्वतःच्या हाताने पट्टा आणखी एक खटका आवळला.

मित्रांनो, मालक दर महिन्याला गाडीखाली झोपून आमचे नट तपासतात, गंज खरवडतात. तुमच्या घरच्या गाडीलाही असं कुणी असेल तर त्याची विचारपूस करा. उद्या त्याच्या भरवशावर काय न्यावं लागेल, हे आज कुणालाच माहीत नसतं.

जन्मकल्याणकाच्या दिवशी मालकांना आमंत्रण होतं. मी मंडपाबाहेर गाडीतच होते. आत घंटा वाजल्या, बायका पाळणा म्हणू लागल्या. थोड्या वेळाने आक्काताई मुलाचा हात धरून गाडीपाशी आल्या. मालकांच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला. मग हौद्याच्या फळीवरून वाकून त्यांनी माझ्या वाकलेल्या अंगावरून बोटं फिरवली आणि अगदी हळू म्हणाल्या, "सुटका झाली बाई. बाळ सुखरूप हाय."