वारेतल्या पेशी आणि जूनचं ऊन

उत्तर फिनलंडमधल्या ओउलूच्या प्रयोगशाळेत मी, इर्या, सव्वीस वर्षं पेशी वाढवते आहे. त्या जूनमध्ये वेल्लामो नावाची आमची संशोधक पोर रडकुंडीला आली होती.

साइमी नावाच्या बाळंतिणीनं आपली वार अभ्यासासाठी दिली होती. त्या वारेतल्या पेशी आम्ही गोठवून ठेवल्या होत्या. थोड्या थोड्या काढून बशीत वाढवायच्या आणि त्या एकमेकींत मिसळून एकसंध थर होतो का ते पाहायचं. पोटातल्या बाळाला अन्न पोचतं ते याच थरातून. त्यासाठी पेशीच्या केंद्रकातले दोन ग्राही, म्हणजे ठरावीक द्रव्य चिकटलं की जागी होणारी प्रथिनं, जोडीनं जागे व्हावे लागतात. एकाला एक औषध लागतं, दुसऱ्याला अ जीवनसत्त्वापासून केलेलं द्रव्य. दोघं जागे झाले की हवी ती जनुकं कामाला लागतात.

पण तीन आठवडे पेशी सुट्या त्या सुट्याच.

"हिवाळ्यात हेच काम सरळ होत होतं," वेल्लामो म्हणाली. "माझ्या हातालाच काहीतरी झालंय."

"हिवाळ्यात कुठे बसायचीस?"

"इथेच, खिडकीशी. तेव्हा बाहेर काळोख असायचा."

मी तिच्या टेबलाकडे पाहिलं. द्रव्याची पारदर्शक काचेची कुपी उन्हात चमकत होती. अ जीवनसत्त्वाच्या द्रव्याला उजेड सोसत नाही, हे तिलाही पाठ होतं.

"अगं, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. दुसऱ्या ग्राहीचा खाऊ उन्हानं नासलाय."

ती डोकं धरून हसत सुटली. आम्ही पडदा ओढला, नवी कुपी चंदेरी कागदात गुंडाळली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

चौथ्या दिवशी पेशींमधल्या सीमा पुसल्या गेल्या होत्या. असा थर जमला की तो गरोदरपणाचं संप्रेरक सोडू लागतो. वेल्लामोनं गंमत म्हणून औषधाच्या दुकानातली गरोदरपणाची पट्टी बशीतल्या पाण्यात बुडवली. दोन रेघा उमटल्या.

"इर्या, बशीला दिवस गेलेत."

"मग तिच्या नवऱ्याला कळव," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात साइमी रुग्णालयात तपासणीला आली तेव्हा आम्ही तिला बोलावलं. कडेवरच्या बाळाला, ओनीला, सावरत ती सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहत राहिली.

"माझ्या पेशी देखण्या आहेत की."

"तुझ्या नाहीत," वेल्लामो म्हणाली. "याच्या. वारेचा हा भाग बाळच घडवतं."

साइमीनं पोराकडे पाहिलं. "म्हणजे हा जन्माआधीपासून राबतोय? मग बापावर गेलेला नाही."

ओनीनं जांभई दिली. मी कॉफी ठेवायला उठले.