मेणावर बसवलेले पडदे

माझी बायको अंबुजा गेली आणि नित्यानं वाजवणं सोडलं. नित्या आमची मुलगी, चेन्नईला नोकरी करते. आई वीणा शिकवायची, ही बेस गिटार वाजवायची. आईचं तेरावं झालं तसं तिनं गिटार विकून टाकलं. आता वर्षश्राद्धाला ती तंजावूरला येणार होती. तिच्या हातात वाद्य दिलं तर ती वाजवील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नाही वाजवलं तर या मुक्या झालेल्या घरात मला राहता येणार नाही, असं वाटायचं.

मी पोस्टात होतो. रंधा कधी धरलेला नव्हता, तरी बेस गिटार स्वतःच करायचं ठरवलं. अंबुजाची वीणा दुरुस्त करणाऱ्या कृष्णस्वामींकडून फणसाची फळी आणली.

"चार तारांची वीणा करताय, सार? भोपळा कुठं आहे?"

"भोपळा लागत नाही हिला."

"मग आवाज कुठून येणार? तुमच्या पोटातून?"

"विजेच्या करंटातून," मी म्हणालो. ते खूप हसले.

गिटारचं धड कसंबसं झालं. मग दांडीवर पडदे, म्हणजे सुरांच्या आडव्या पट्ट्या, बसवायची वेळ आली. गिटारला करवतीनं खाचा पाडून पितळी पडदे ठोकतात. माझा हात धजेना. चुकलेली खाच भरून निघत नाही. वीणेचे पडदे मेणावर बसवतात. सूर चुकला तर मेण तापवून पडदा सरकवता येतो. मी दांडीवर मेण ओतलं.

श्राद्धाची पानं उचलल्यावर मी ते नित्यापुढे ठेवलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. मग मांडीवर घेऊन तिनं तार दाबली. पडदा मेणात रुतला.

"अप्पा, हे मेण आहे?"

"सरकवता येतं. सांग, वर का खाली?"

"खाली."

मी सुरी तापवून पडदा हलवला. तिनं परत दाबलं, परत रुतला. उन्हानं मेण बोटांना चिकटत होतं.

"तारा जाड आहेत, अप्पा. मेण कसं धरील?"

"तू जोरात दाबतेस."

"हे असंच दाबतात."

"मग खाचा पाडतो. उद्याच पाडतो. तू राहा."

"उद्या ऑफिस आहे."

"पुढच्या महिन्यात ये."

तिनं बोटं पुसली. "अप्पा, हे चांगलं झालं असतं तरी मी वाजवलं नसतं. चुकलं की आई स्वयंपाकघरातून सांगायची. आता चुकलं की मी थांबते, आणि कुणी काही सांगत नाही."

"मी सांगेन."

"तुम्हाला कुठं कळतं?"

तिला हसू आलं होतं, पण ते टिकलं नाही. मला खरंच कळत नाही.

"एकदा वाजव," मी म्हणालो. "चुकीचं वाजव. मला चालेल."

"बस चुकेल, अप्पा."

ऑटोपर्यंत मी तिची पिशवी नेली. परत आलो तर घर तसंच होतं. मी दांडीवरचं मेण खरवडून काढलं आणि करवत घेतली. कुणासाठी, ते माहीत नव्हतं. करवत चालू होती तोवर घरात निदान आवाज होता. पहिली खाच वाकडी गेली. मी दुसरी पाडायला घेतली.