आर्वोची बाटली आणि बर्निसचं ग्लिसरीन

सिगारेट सोडणारा घरात एकच असतो, सोडवणारे मात्र घरभर असतात. कॅनडातल्या थंडर बे शहरात आर्वो निस्कानेनच्या घरी सोडवणारी एकटी त्याची बायको बर्निस होती. पण ती एकटीच दहाजणांना पुरून उरायची!

आर्वो शहरातल्या रस्त्यांवरचा बर्फ हटवणारा ट्रक चालवायचा आणि मिसरूड फुटल्यापासून सिगारेट ओढायचा. हिवाळ्याच्या तोंडावर न्यूमोनियाने त्याला पार आडवं केलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "सिगारेट नाहीतर फुप्फुसं. दोन्हीतलं एकच ठेवा." आर्वो घाबरला आणि डोरीन कोवालचुकच्या वेपच्या, म्हणजे सिगारेटऐवजी वाफ ओढायच्या यंत्रांच्या दुकानात गेला. डोरीन स्वतः एके काळी नुसतं धुराडं होती. तिने त्याला दिवसाला किती ओढतोस, सकाळी उठल्याउठल्या लागते का, असं सगळं विचारलं आणि मग एक छोटं यंत्र दिलं. त्यात घालायचं लिक्विडही तिनेच निवडलं. पातळ द्रव आणि घट्ट ग्लिसरीन निम्मंनिम्मं, निकोटीन जरा कडक, वास पुदिन्याचा. आणि काय सांगावं! आर्वोची सिगारेट सुटली. कर्लिंगच्या खेळात दगड पुढे सरकावा म्हणून बर्फावर झाडू घासताना त्याला आता धाप लागत नव्हती.

बर्निसला मात्र चैन पडेना.

"त्या बाटलीत निकोटीन आहेच की! चोर सोडून त्याच्या भावाला घरात घेतलंस तू."

"कमी करीन गं हळूहळू."

"हळूहळू म्हणजे कधी? तळं गोठायचं बंद होईल तेव्हा?"

मंडळी, आपल्या माणसाचं भलं करायची घाई झाली की चांगल्या शहाण्या माणसाची अक्कल चरायला जाते. बर्निस घरी साबण बनवून शनिवारच्या बाजारात विकायची. त्यासाठी तिच्या फडताळात ग्लिसरीनचा कॅन होता. लिक्विडमध्येही ग्लिसरीनच असतं, हे तिने डोरीनच्या बाटलीवर वाचलं होतं. झालं! गवळ्याने दुधात पाणी घालावं तसं ती आर्वोच्या बाटलीतलं थोडं लिक्विड ओतून टाकून तिथे ग्लिसरीन घालू लागली. निकोटीन आपोआप कमी होईल, नवऱ्याला कळणारही नाही, असा तिचा हिशेब.

हिशेब साफ चुकला. आर्वोची तलफ भागेना, म्हणून तो दिवसभर यंत्र तोंडात धरून बसू लागला. स्वयंपाकघरात एवढे ढग जमायचे की कुत्रा उठून बाहेरच्या बर्फात जाऊन बसायचा. त्यात भर म्हणजे वाफेला करपलेली चव येऊ लागली. आर्वो खोकायचा, यंत्राला शिव्या घालायचा, टोस्टवर चिडायचा. रविवारचा गुलाबी आयसिंगचा, पर्शियन नावाचा त्याचा आवडता गोड पावही त्याने एकदा तसाच बशीत ठेवला.

आणि एका संध्याकाळी तो कर्लिंगहून घरी आला तो कोटाला सिगारेटचा वास घेऊन.

"ओढलीस ना?"

आर्वोने खाली मान घातली. खिशात पाकीट होतं.

बर्निसचा पारा चढला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती नवऱ्याला ओढत डोरीनच्या दुकानात घेऊन गेली आणि बाटली काउंटरवर आपटली.

"हे तुझं औषध! नवरा परत सिगारेटला लागला माझा. लोकांना फसवायला दुकान टाकलंयस का गं?"

"आधी कोट तर काढ, बाई," डोरीन शांतपणे म्हणाली. तिने बाटली उजेडाकडे धरून आडवी केली. आतलं लिक्विड अगदी सावकाश सरकलं. "हे मी दिलेलं नाही. हे मधासारखं चालतंय. आर्वो, काय घातलंस यात?"

"मी? मी कॉफीत साखरसुद्धा घालायचा कंटाळा करतो!"

बर्निसने नजर समोरच्या खोक्यांकडे वळवली. तिचे कान लाल झाले होते.

"ग्लिसरीन," ती पुटपुटली. "साबणाचं."

आर्वो ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं!

"म्हणजे दोष माझा नव्हता?" तो म्हणाला. "अगं, मला वाटलं माझ्यातच दम नाही. एवढं सगळं करूनही माझ्याच्याने होत नाही. त्याचीच लाज वाटून तुझ्यापासून लपून ओढत होतो."

बर्निसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मला वाटलं मी मदत करतेय."

"ऐक," डोरीन म्हणाली. "यंत्र छोटं आहे. आतल्या कापसाने लिक्विड शोषून घ्यायचं आणि तारेने ते तापवायचं. लिक्विड घट्ट झालं की कापूस कोरडा पडतो आणि करपतो. म्हणून ती चव. निकोटीन कमी पडलं, म्हणून याचा जीव सिगारेटकडे धावला. निकोटीनची सवय वाईटच, मी कुठे चांगली म्हणते? पण डॉक्टरांनी आधी धूर थांबवायला सांगितलाय. आणि साबणाचं ग्लिसरीन माणसाच्या छातीत जायला बनवलेलं नसतं, बाई! कमी करायचं ते याने ठरवायचं. डॉक्टरांना विचारून, उघडपणे, एकेक पायरी. माणसाला झोप लागल्यावर त्याची पायरी हलवून ठेवली तर तो पडणारच ना?"

"पडलाच," बर्निस म्हणाली आणि तिने डोळे पुसले. "मग मलाही एक दे. बिननिकोटीनचं. मी याच्या सोबतीने ओढते."

"तू कधी सिगारेट ओढली आहेस?"

"छे!"

"मग तुझ्यासाठी एकच मिश्रण. ते दार उघड आणि छातीभरून हवा घे. फुकट आहे!"

आर्वोला खो-खो हसू आलं, आणि मग बर्निसलाही.

डोरीनने जुनी बाटली टाकून पहिल्यासारखीच नवी दिली, करपलेला कापूस आणि तारही बदलून दिली. आर्वोने खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. ते चुरगळून टाकायला बर्निसचे हात शिवशिवत होते. तिने हात मुकाट्याने स्वतःच्या कोटाच्या खिशात कोंबले आणि वाट बघितली. मग आर्वोने ते पाकीट उचललं आणि स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

त्यानंतर त्याने सिगारेटला हात लावला नाही. तळ्यावरचा बर्फ फुटायला लागला तेव्हा तो आपणहून डोरीनला म्हणाला, "आता निकोटीन एक पायरी खाली आणू या." बर्निस शेजारीच उभी होती. तिने मोठ्या कष्टाने तोंड बंद ठेवलं. पण दुकानाबाहेर पडताच भर रस्त्यात तिने त्याला अशी मिठी मारली की त्याची टोपी चिखलात पडली!

मंडळी, आपल्यापैकी कितीतरी घरांत अशी एक बर्निस असते, आणि ती वाईट मुळीच नसते. पण व्यसन चोरून सोडवता येत नाही. सोडणाऱ्याला काय झेपतं ते त्यालाच विचारा, जाणत्याचा सल्ला घ्या, आणि त्याचा हात धरायचा असेल तर त्याला दिसेल असा धरा. ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्याने वेपच्या कुठल्याच बाटलीच्या वाटेला जाऊ नये. आणि आपलं माणूस पुन्हा घसरलं, तर त्याला नालायक ठरवण्याआधी आपण त्याच्यावर काय लादलं, तेही एकदा तपासून पाहा!