गरम घोड्याचं पाणी

घोडा तिसऱ्यांदा खाली बसला तेव्हा झिपारला रडू फुटलं.

"मामंजी, मीच पाणी पाजलं त्याला. बाबांना घेऊन एवढा चढ चढून आला, दया आली हो!"

"पाजलंस ना? झालं तर मग. आता लगाम धर आणि चालव. लोळला की आतडं पिळवटतं."

धावून आलेला घोडा मान वर करून आखूड बांधायचा आणि अंग निवेपर्यंत पाण्याचा थेंब दाखवायचा नाही, हे नारीनच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही कळतं. झिपार मात्र शहरात मावशीकडे वाढलेली. त्यातून लग्नानंतर बाप पहिल्यांदा भेटायला आलेला. आनंदात तिला कशाचं भान राहिलं नाही.

सासऱ्याने, मुकाशने, गवताची जुडी वळून घोड्याचं पोट चोळलं आणि कुशीला कान लावला. आत सगळं चिडीचूप. दुखरा गुडघा ओढत तो सुनेबरोबर दुपारभर घोडा फिरवत राहिला. चाळीस वर्षं त्याने घोडेच सांभाळले होते. तीन खोऱ्यांतली माणसं त्याच्या हाती डोळे मिटून लगाम देत. म्हाताऱ्याची कमाई म्हणाल तर एवढीच.

झोप आटोपून झिपारचा बाप अकमात तंबूबाहेर आला.

"काय झालं माझ्या घोड्याला?"

झिपारने तोंड उघडलं, पण मुकाश आधी बोलला. "माझीच चूक, व्याही. गरम घोडा ओढ्यावर नेला. म्हातारचळ, दुसरं काय!"

"तुम्ही? कमाल आहे!" अकमातचा चेहरा उतरला.

तेवढ्यात घोड्याने शेपटी उचलली आणि ढीगभर लीद टाकली. पोट मोकळं झालं, घोडा वाचला. तिघेही हसत सुटले. झिपार हसता हसता रडत होती. सख्ख्या बापानेही इतकं पाठीशी घातलं नसतं, असं तिला वाटलं.

गोष्ट मात्र खोरंभर झाली. घोडीच्या दुधाचा वाडगा हातात देतानाही लोक विचारत, "मुकाश, आधी घोड्याला पाजू का रे?" तोही हसायचा.

शरदात खालच्या गावचा एक पाहुणा आला. सवयीने मुकाशने त्याच्या घोड्याचा लगाम घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या काका, मीच बांधतो."

मुकाशचा हात क्षणभर तसाच राहिला, मग दाढी खाजवू लागला.

झिपारने चहाची किटली खाली ठेवली. मोठ्यांपुढे सुना बोलत नाहीत. ती बोलली, आणि चांगली खणखणीत बोलली. "त्या दिवशी पाणी मी पाजलं होतं. मामंजींनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

"चहा निवतोय, पोरी," मुकाश पुटपुटला.

पाहुण्याने बांधलेला लगाम सोडला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. मुकाशने घोड्याच्या छातीवर तळवा ठेवून पाहिला. अजून गरम होती. त्याने मान वर राहील असा लगाम आखूड बांधला.