भट्टी पाहिलेली पट्टी

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी पट्टी आहे. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, रंगाने खरपूस भाजलेल्या पावासारखी. आता माझे दोन तुकडे झाले आहेत; पण इतक्यात हळहळू नका, आधी ऐका तरी!

मी आणि माझी सख्खी बहीण एकाच फळीतून कापलेल्या. तिला तशीच ठेवली आणि मला भट्टीत घातले. आत ज्वाळा नव्हत्या. होती फक्त वाफ आणि जीव नकोसा करणारी उष्णता. बाहेर आले तेव्हा पाणी मला फारसे फुगवू शकत नव्हते आणि बुरशी माझ्या वाटेला जात नव्हती. तेही अंगात औषधाचा थेंब न मुरवता! मग थोडा ताठा चढणारच की.

पुढे आम्ही दोघी एका बाईंच्या वर्गात आलो. घरे आणि शाळा यांचे नकाशे काढणारी मोठी माणसे तिथे पुन्हा बाकावर बसून नवे शिकतात. बाई आम्हाला पाण्याच्या घमेल्यात ठेवत. बहीण फुगायची, मी ठणठणीत! सगळे "वा!" म्हणायचे आणि मी मनातल्या मनात बहिणीला चिडवायचे.

एकदा वर्गात बापलेक आले. दोघेही वास्तुरचनाकार, एकाच कार्यालयातले. लेकीने एका बालवाडीचा नकाशा आणला होता. वरच्या मजल्यावर मुलांना खेळायला लाकडी सज्जा, आणि लाकूड दुसऱ्याच दिवशी मागवायचे होते.

"बाबा, बघा, पाण्यातून काढली तरी जशीच्या तशी!" लेक मला नाचवत म्हणाली.

"बघितलं. पण हे भाजकं प्रकरण मला काही पटत नाही."

"तुम्हाला नवीन काही कधी पटलंय?"

बाईंनी नकाशावर बोट ठेवले. "सज्ज्याखालच्या तुळया कशाच्या?"

"ह्याच लाकडाच्या. एवढं पक्कं आहे!"

"अगं, भाजल्यावर लाकूड टिकतं जास्त, पण ठिसूळही होतं. भार घ्यायचं काम त्याचं नाही."

"थोडाफार फरक असेल, बाई."

मलाही बाईंचा रागच आला. मी आणि ठिसूळ? काहीतरीच!

बाईंनी दोन विटा मांडल्या आणि आधी बहिणीला त्यांवर आडवे ठेवले. लेकीने पाय देऊन जोर लावला. बहीण वाकली, कुरकुरली आणि पाय काढताच सरळ झाली. मग माझी पाळी. बाई क्षणभर थांबल्या, कारण इतकी वर्षे त्यांनी मला जपले होते. मी ठरवले, आज नाक कापून घ्यायचे नाही. वाकले नाहीच मी. काडकन मोडले.

लेकीने दोन्ही तुकडे उचलले. "जरासुद्धा वाकली नाही हो, बाबा," ती म्हणाली. "वर मुलं असती तर..."

बाबांना टोमणा मारायची संधी आयती चालून आली होती. पण त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मला तरी कुठे हे माहीत होतं? मी नुसताच अडून बसलो होतो. तुळया साध्या लाकडाच्या कर, पाण्यापासून नीट झाकून. वरच्या फळ्या मात्र ह्याच घाल, खालच्या तुळया जवळजवळ ठेवून, म्हणजे भार त्या पेलतील."

"म्हणजे पटलं?" तिने डोळे पुसत विचारले.

"अर्धं पटलं!"

त्या दिवशी मला फार लाज वाटली. आता नाही वाटत. माझा एक तुकडा बाई प्रत्येक वर्गात फिरवतात, दुसरा लेकीच्या टेबलावर नकाशे दाबून बसतो. मित्रांनो, आम्हाला पुसा, जपा, कौतुकही करा; पण कोणाला काय झेपते ते आधी विचारा.

त्या सज्ज्यावर आज पोरे दणादणा उड्या मारतात. वर माझ्या जातीच्या फळ्या, खाली बहिणीच्या जातीच्या तुळया. तिथे एकदाही काडकन आवाज झालेला नाही. तो मी आधीच करून ठेवला आहे.